वेगळे ताट नको, भरलेले ताट द्या
क्षयरोग : खोली, हवा, आहार आणि आपण

आमच्या गल्लीच्या टोकाला दहा बाय बाराची एक खोली आहे. वर पत्रा, पत्र्याखाली पोटमाळा. मागच्या भिंतीला एक खिडकी होती. शेजाऱ्याने घर वाढवले तेव्हा ती त्याच्या भिंतीला टेकली आणि बंद झाली. आत माणसे सहा : सासू, नवरा-बायको, तीन मुले. नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करतो, बायको चार घरची धुणी-भांडी करते.

गेल्या पावसाळ्यात ही सून खोकू लागली. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, खोकल्याचे औषध दिले, "पावसाची ॲलर्जी आहे" म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दोन महिने असेच गेले. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर ती चप्पल शोधता शोधता मला हसून म्हणाली, "ताई, आता मला पोरीचा ड्रेस होतो."

पोरगी तेरा वर्षांची आहे. मी त्या वाक्याला हसू शकले नाही. बत्तीस वर्षांच्या, तीन मुलांच्या आईला तेरा वर्षांच्या मुलीचा ड्रेस होतो, तेव्हा काहीतरी तिला आतून खात असते. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारायला लावून मी तिला पालिकेच्या दवाखान्यात नेले. काट्यावर वजन भरले ३६ किलो. थुंकी तपासली. टीबी निघाला.

गेली अनेक वर्षे मी या वस्तीत आरोग्याचे काम करते. गोळ्या वाटल्या, रुग्णांना धरून दवाखान्यात नेले, काहींना पोहोचवायलाही गेले. या काळात एक गोष्ट पक्की कळली. टीबीचा जंतू छातीत असतो, पण त्याला तिथे घर करून देणाऱ्या गोष्टी छातीबाहेर असतात : आपल्या खोलीत, ताटात, कामाच्या जागी आणि लोकांच्या तोंडी.

जंतू एकटा पुरेसा नसतो

२४ मार्च १८८२ रोजी जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. हा रोग शापाने, करणीने किंवा घराण्याच्या दोषाने होत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा जंतू हवेत उडतात. ती हवा दुसऱ्याने घेतली की जंतू त्याच्या छातीत जातात.

पण छातीत जंतू गेलेल्या प्रत्येकाला टीबी होत नाही. जगातल्या साधारण चौथाई लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला आहे आणि त्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. बाकीच्यांचे शरीर त्याला डांबून ठेवते. म्हणजे जंतू आत येणे ही एक गोष्ट आणि त्याने डोके वर काढणे ही दुसरी. पहिली गोष्ट ठरते हवेवर आणि गर्दीवर. दुसरी ठरते अंगातल्या ताकदीवर.

इंग्लंडमध्ये टीबीने मरणाऱ्यांचे प्रमाण एकोणिसाव्या शतकापासूनच घसरत गेले. टीबीवरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ मध्ये. तोवर मरणाचे प्रमाण कितीतरी खाली आले होते. लोकांचे खाणे, घरे आणि राहणीमान सुधारणे हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. औषधाची किंमत यामुळे कमी होत नाही. आज टीबी झालेल्या माणसाला औषधाशिवाय पर्याय नाही, हे आधीच ठळक सांगते. पण औषध आजारी पडल्यावर मिळते. आजारी पडण्याआधीचे काय?

आपल्याकडे हा प्रश्न फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला. जगातल्या एकूण रुग्णांपैकी चौथाईहून जास्त आपल्या देशात. त्या एका वर्षात तीन लाखांवर माणसे या बऱ्या होणाऱ्या आजाराने गेली.

खोली

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत झोपड्या गेल्या, त्या कुटुंबांना तिथे पक्क्या इमारतींत घरे मिळाली. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, घरात नळ आला, घरात संडास आला. आरोग्य सुधारायला हवे होते. पण टीबीचे रुग्ण मात्र निघतच राहिले.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसोबत तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. त्यात नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. या दोन ठिकाणी पाहणी केलेल्या साधारण दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण सापडला. तिसऱ्या, पीएमजी वसाहतीत इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त आहे. तिथे हे प्रमाण शंभर घरांमागे सुमारे एक होते. खालच्या मजल्यावरच्या, ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या घरांत धोका अधिक दिसला.

माणसे तशीच, कमाई जवळपास तशीच. फरक होता तो दोन भिंतींमधल्या अंतराचा. पक्के घर म्हणजे निरोगी घर नव्हे, हे या वसाहतींनी महाग किंमत देऊन शिकवले.

कारण सोपे आहे. बंद खोलीत एकाने खोकले की जंतू तासन् तास हवेत तरंगतात. खिडकी उघडी असेल आणि समोरून दारही उघडे असेल, तर वारा त्यांना बाहेर नेतो. थेट सूर्यप्रकाशात हा जंतू फार वेळ जगत नाही. अंधाऱ्या, दमट, कोंदट खोलीत तो रमतो.

आपण भाड्याच्या खोलीत राहतो, भिंत पाडू शकत नाही. तरी काही गोष्टी हातात आहेत. पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधली फट बोळे कोंबून बंद करू नका, जाळी लावा. एक छोटा एक्झॉस्ट पंखा दाराच्या समोरच्या भिंतीत बसला तर कोंदलेली हवा बाहेर जाते. दिवसा दार उघडे ठेवा, पडदा चालेल. घरातला रुग्ण रात्री पोटमाळ्यावर झोपत असेल तर त्याला खाली, दाराजवळ आणा. पोटमाळा ही घरातली सर्वांत कोंदट जागा असते.

आणि जे आपल्या हातात नाही ते मागायचे असते. वस्तीत पुनर्विकासाची मीटिंग होते तेव्हा आपण किती चौरस फूट मिळणार एवढेच विचारतो. दोन इमारतींमध्ये किती अंतर ठेवणार, खालच्या मजल्यावर ऊन येणार का, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, हेही विचारा. नकाशा भिंतीवर लावायला सांगा. एकदा सही झाली की ती खिडकी पुढच्या दोन पिढ्यांना मिळत नाही.

ताट

पन्नासच्या दशकापर्यंत टीबी म्हटला की सॅनेटोरियम ठरलेले. चांगली हवा, विश्रांती, दूध, अंडी. गरिबाला ते कुठून मिळणार? १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झाले आणि तिथे एक महत्त्वाचा प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्या गर्दीच्या घरातच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला : नियमित औषध घेतले तर घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकाच बरा होतो. गरिबांसाठी हा मोठा दिलासा होता. आज आपण घरी बसून मोफत गोळ्या घेतो, त्याची मुळे त्या प्रयोगात आहेत.

पण त्यातून अर्धाच धडा घेतला गेला. गोळ्या पुरेशा आहेत, असे सगळे म्हणू लागले आणि खाण्याचा विषय मागे पडला.

तो पुन्हा पुढे आणला झारखंडच्या एका अभ्यासाने. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे यांच्यावर लक्ष ठेवले. सर्व रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला १० किलोचा शिधा दिला : तांदूळ, सातूचे पीठ, दूध पावडर, तेल आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. निम्म्या कुटुंबांत घरातल्या बाकी माणसांनाही माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. उरलेल्या कुटुंबांत फक्त रुग्णाला शिधा होता.

२०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरात सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. संसर्ग पसरवणारा फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला. लस नव्हती, नवे औषध नव्हते. तांदूळ आणि डाळ होती.

रुग्णांबाबतही एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. आमच्या ३६ किलोच्या सुनेचा हिशेब केला तर ५ टक्के म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. पावणेदोन-दोन किलो वजन ही जगण्या-मरण्याची गोष्ट असू शकते.

आता आपल्या ताटाकडे पाहू. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून फुकट मिळते. पोट भरते. पण त्यात डाळ नाही, तेल नाही. भात आणि पातळ कालवण, चपाती आणि बटाटा, चहा आणि पाव. पोट भरलेले असते आणि शरीर उपाशी असते. एकेकाळी आपल्या घरांत स्वस्तातले मोठ्याचे मटण आठवड्याला शिजायचे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, ते ताटातून गेले, आणि त्याच्या जागी काय आले? पुष्कळ घरांत पाच रुपयांची कुरकुरीत पुडी.

बाईच्या ताटाचे तर विचारूच नका. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते. उरलेला रस्सा, तळाचा भात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. ही आकडेवारी दिल्लीत छापली जाते, पण तयार होते आपल्या चुलीपाशी.

डॉक्टर म्हणतात "प्रोटीन खा". मग कोणी डबेवाली महाग पावडर आणतात, कोणी सफरचंद आणतात. त्याची गरज नाही. झारखंडच्या शिध्यातून रुग्णाला रोज ५२ ग्रॅम प्रथिने मिळत होती. आपल्याकडे ती अशी जमतात : दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, साधारण १२ ग्रॅम. ज्वारीच्या चार भाकऱ्या, सुमारे २० ग्रॅम. बेरीज पन्नाशीला पोहोचली. एका वडापावाच्या पैशात दोन अंडी येतात. सुकट, जवळा, बोंबील ही तर प्रथिनांची कोठारे आहेत, आणि ती आपली आहेत. बाहेरच्यांनी वासाला नाक मुरडले म्हणून आपण लाजून सोडू नयेत. मांस-मासे न खाणाऱ्या घरांत सोयाबीनच्या वड्या, फुटाणे, चवळी, मटकी चालवा. जेवणावर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

आणि एक नियम घरात लावा : ज्याच्या अंगात कमी, त्याला आधी वाढा.

धूर, तंबाखू, साखर, दारू

छातीचे आणखी काही वैरी आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला टीबी होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. आपल्या आया-बहिणी मिसरी लावतात, पुरुष तंबाखू मळतात. तंबाखूने भूक मरते, आणि टीबीच्या माणसाची भूक आधीच मेलेली असते. रोज दारू पिणाऱ्याचे शरीर जंतूशी लढू शकत नाही, शिवाय दारू आणि टीबीच्या गोळ्या मिळून यकृत बिघडवतात. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट. म्हणून टीबी निघाला की साखर तपासायची आणि साखर असलेल्याला खोकला आला की थुंकी तपासायची.

काही धूर मात्र आपण ओढत नाही, आपल्यावर सोडला जातो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग पेटले तेव्हा सगळ्या मुंबईने धुराची चर्चा केली. आजूबाजूच्या वस्त्या तो धूर त्याआधीही घेत होत्या. दगड फोडणारे, खाणीत आणि क्रशरवर काम करणारे, बांधकामावर फरशी कापणारे यांच्या छातीत दगडाची बारीक धूळ बसते. अशा छातीत टीबी लवकर शिरतो. अशा कामावर साधा रुमाल पुरत नाही. पाणी मारून काम करणे आणि चांगला मास्क देणे ही मालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी आहे. सफाई कामगारांच्या बाबतीतही तेच.

म्हणून "लोक अडाणी आहेत, स्वच्छता पाळत नाहीत, म्हणून आजारी पडतात" असे कोणी म्हटले की मला राग येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर आणि मध्य भारतातली राज्ये, ओडिशा आणि आसाम अशा ९ राज्यांतल्या सुमारे २ कोटी लोकांची माहिती तपासली गेली. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी निघाले, आदिवासींचे चार वर्षांहून अधिक. केवळ गरिबीने यातल्या निम्म्या फरकाचाही उलगडा होत नव्हता. म्हणजे जात माणसाच्या आयुष्यातली वर्षे खाते, हे आता आकड्यांतही दिसते.

वेगळे ताट

आता त्या खोलीकडे परत येते. गोळ्या सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. मोरीच्या वर एका खिळ्याला स्टीलचे ताट टांगले होते, शेजारी तांब्या. सुनेचे ताट. तिचे अंथरूण, कपडे, सगळे वेगळे. मुलांना तिच्या जवळ जायला बंदी. ती भिंतीकडे तोंड करून जेवत होती.

सासू वाईट बाई नाही. तिचा भाऊ गावाकडे टीबीने गेला, त्या भीतीने तिने हे केले होते. नातवंडांना जपायला हवे, हे तिचे म्हणणे खरेच होते. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारले, "आत्या, लहानपणी तुमच्या गावच्या हॉटेलात आपल्याला चहा कशात द्यायचे?"

ती म्हणाली, "फुटक्या कपात. बाहेर खुंटीला टांगलेला असायचा. आपणच धुवायचा नि परत टांगायचा."

मग ती गप्प झाली. बराच वेळ मोरीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. निघताना पाहिले तर ताट मांडणीवर बाकीच्या ताटांत गेले होते.

टीबी ताटाने, तांब्याने, कपड्याने, हात लावल्याने, शेजारी बसल्याने पसरत नाही. तो हवेतून पसरतो. म्हणून रुग्णाने खोकताना तोंडावर फडके किंवा पदर धरायचा, पहिले काही आठवडे मास्क लावायचा, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकायची आणि हवेशीर जागी झोपायचे. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याची शक्यता फार कमी होते. भांडी वेगळी करून काहीच वाचत नाही. उलट माणूस लपवू लागतो, गोळ्या सोडतो आणि मग खरोखर सगळ्यांना धोका होतो.

लग्नाच्या मुलीला टीबी झाला की घरचे "छातीत कफ झालाय" सांगतात आणि गोळ्या चोरून देतात. पाहुणे आले की डबा लपतो, दोन दिवस गोळी राहते. मुलीचा टीबी बरा होतो, तिला पुढे संसार करता येतो, मुले होतात. पण अर्धवट सोडलेल्या औषधाने जंतू निबर होतो, त्याच्यावर नेहमीच्या गोळ्या चालेनाशा होतात. लाज आजारापेक्षा महाग पडते.

पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडून असलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. ती फक्त ऐकायची गोष्ट नाही.

गोळ्या आणि हक्क

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक मरणे, थुंकीत रक्त, मानेला गाठ. यातले काहीही असेल तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासले तर जंतू निबर आहे का हेही कळते.

साधा टीबी असेल तर औषध सहा महिन्यांचे. पहिल्या महिन्यातच बरे वाटू लागते आणि तिथेच माणूस फसतो. जंतू तेव्हा निपचित पडलेले असतात, संपलेले नसतात. आमच्या सुनेनेही तीन दिवस गोळ्या सोडल्या होत्या. कारण विचारले तर म्हणाली, "ताई, लघवी लाल झाली. मला वाटलं रक्त जातंय." ते गोळीचा रंग उतरल्यामुळे होते, त्यात धोका नाही. हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, ती चूक माझीही. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, दिसायला अंधुक झाले किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. ज्यांना आजार नाही त्यांना टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मिळतात. तेरा वर्षांची ती मुलगी आणि तिचे दोन भाऊ आज त्या घेत आहेत.

उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात पैसे जमा होतात. २०१८ मध्ये ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. खाते आणि आधार नीट जोडलेले आहे का पाहा. आमच्या सुनेचे पैसे तीन महिने अडकले, कारण एका ठिकाणी नावात एक अक्षर चुकले होते. खिडकीवरून "पुढच्या आठवड्यात या" हेच उत्तर. चौथ्या खेपेला आम्ही सात बायका मिळून गेलो, तेव्हा अक्षर पाच मिनिटांत दुरुस्त झाले. माहिती आणि तक्रारीसाठी १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे. निक्षय मित्र योजनेतून शिधाही मिळू शकतो, दवाखान्यातल्या टीबी विभागात विचारा.

हे कोणाचे उपकार नाहीत. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. राजगृह उभे राहण्याआधी बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, चाळीतली खोली म्हणजे काय ते त्यांनी अनुभवले होते. त्यांची आणि रमाईंची चार मुले लहानपणीच गेली. संविधान लिहिणाऱ्या हातांना हे दुःख ठाऊक होते.

विहारातला वजनकाटा

ही सून सध्या पाचव्या महिन्यात आहे. दोन महिन्यांनी वजन भरले ३८ किलो, आता ४१. दोन घरची कामे गेली. एका बाईंनी मात्र पगारी रजा दिली आणि कामही ठेवले. नवऱ्याने विडी सोडली म्हणतो, मी अजून विश्वास ठेवलेला नाही. बंद खिडकी अजून बंदच आहे. दारावर एक्झॉस्ट बसवायचा तर वायरिंग कोण करणार, यावर चर्चा चालू आहे.

पण वस्तीत एक गोष्ट झाली. महिला मंडळाने वर्गणी काढून विहारात एक वजनकाटा आणून ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की ज्याला हवे तो वजन करतो. वहीत आकडा लिहिला जातो, आजाराचे नाव कोणी विचारत नाही. ज्याचे वजन उतरले त्याच्याशी नंतर बाजूला घेऊन बोलायचे. पहिल्या दोन महिन्यांत अशी दोन माणसे वेळेत सापडली. दोघांपैकी एकाला टीबी होता, दुसऱ्याला साखर. ज्या घरात रुग्ण आहे त्या घरी शेजारची पाच घरे आळीपाळीने रोज चार अंडी पोहोचवतात. एका घराच्या वाट्याला पाच दिवसांतून एकदा चार अंडी येतात, एवढाच भार.

तुमच्या विहारात काटा नसेल तर येत्या पौर्णिमेला विषय काढा. आणि आज रात्री जेवायला बसताना घरातल्या कोणाचा खोकला दोन आठवड्यांपासून चालू आहे, कोणाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या आहेत, एवढे बघा. तिला आधी वाढा. उद्या सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात जा.